नाशकात वाइनची भिशी कशी भरवायची

नाशकात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी कोणीतरी सांगतंच: मिसळ कुठे खायची आणि वायनरीत कधी जायचं. या दोन्हींची गाठ कशी घालायची, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना गंगापूर धरणाच्या बाजूला न्यायचं, चार-पाच घोट चाखवायचे, फोटो काढायचे, येताना दोन बाटल्या घ्यायच्या. मग त्या बाटल्या कपाटात पडून राहतात, कारण घरी कशाबरोबर प्यायच्या आणि कोणाला बोलवायचं हे ठरतच नाही.

त्यावर आमच्या ओळखीपाळखीत रुळलेला उपाय म्हणजे वाइनची भिशी. खाण्याची मनापासून आवड असलेली माणसं महिन्या-दोन महिन्यांनी एकेकाच्या घरी जमतात. प्रत्येकाने एक बाटली किंवा एक पदार्थ आणायचा, आणि तो का आणला ते सांगायचं. पैशांची सोडत नसते, बाकी पाळी लावणं, रुसणं-फुगणं सगळं भिशीसारखंच.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो. वाइनसाठी आपलं जेवण फिकं करू नका. चीज आणि ऑलिव्हच्या बरण्या शोधत कॉलेज रोडला फिरू नका. जेवण आपलंच ठेवा, फक्त वाढायचा क्रम बदला. आपण ताट एकदम वाढतो: डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. खाणारा आपल्या मर्जीने फिरतो. हे ताट मला जगात सगळ्यात सुंदर वाटतं, पण त्याच्याशेजारी एकच वाइन ठेवली तर ती बिचारी कोणाकोणाशी जुळवून घेणार? ठेच्याचं बोट चाटलं की पुढच्या घोटाची चव गेली. म्हणून तेच पदार्थ एकापाठोपाठ एक आणायचे, आणि प्रत्येकाला त्याची जोडीदार द्यायची.

माणसं आणि तारीख

पहिल्या खेपेला सहा ते आठ जण बोलवा. कमी असतील तर बाटल्या उरतात, जास्त झाले तर एकाच टेबलाची दोन टोकं वेगवेगळ्या गप्पा मारू लागतात. ७५० मिलीची बाटली आठ जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला नव्वदेक मिली येते. वास घ्यायला, चाखायला आणि एका पदार्थाबरोबर संपवायला एवढी पुरते. चार बाटल्या म्हणजे माणशी अर्धी बाटली झाली. त्याच्या पुढे जाऊ नका. पाचवी उघडायचा आग्रह करणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतो, त्याला पुढच्या वेळचं यजमानपद देऊन टाकावं.

न पिणारे एक-दोघे असलेच पाहिजेत. एक तर परतीची गाडी त्यांच्या हाती राहते. दुसरं म्हणजे पदार्थाबद्दल त्यांचं मत शेवटपर्यंत भरवशाचं असतं. त्यांच्यासाठी द्राक्षाचा ताजा रस किंवा कोकम सरबत ठेवा, आणि तेही चांगल्या ग्लासातून द्या. प्लास्टिकच्या ग्लासात कोल्ड्रिंक ओतून त्यांना कोपऱ्यात बसवलं तर पुढच्या खेपेला ते येत नाहीत.

तारीख ठरवताना आधी पंचांग बघा. हे गमतीने म्हणत नाही. शनिवार सोयीचा म्हणून धरायचा आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी निघायची, मग निम्मे पाहुणे चंद्रोदयाची वाट बघत बसलेले. श्रावण सरळ सोडून द्या. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. त्या दिवशी दुकानंही बंद आणि वायनरीतली विक्रीही. मतदान संपेपर्यंतचे आधीचे ४८ तासही तसेच. नाशिकसारख्या तीर्थाच्या गावात हे सांभाळावंच लागतं, आणि सांभाळलं की कोणाला काही अडचणही नसते.

माझी आवडती वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा थंड असते, बाजारात ओला हरभरा, मेथी, हुरडा असतो आणि बागांमध्ये द्राक्ष तयार होत असतं.

परवाना, वय, गाडी

हे थोडक्यात उरकू. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून काढता येतो. एकदाच आजन्म काढून ठेवा, कटकट मिटते. घरी मित्रांना जेवायला बोलावणं वेगळं आणि तिकीट लावून कार्यक्रम करणं वेगळं. पैसे घेऊन पाजायचं असेल तर त्याचा वेगळा परवाना लागतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. कायद्याने पिण्याचं वय न झालेल्या भाच्या-पुतण्यांना जेवायला जरूर बोलवा, ग्लास देऊ नका.

गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. अर्धी बाटली प्यायलेला माणूस ती आरामात ओलांडतो, मग तो कितीही शुद्धीत बोलत असो. येतानाच रिक्षा किंवा कॅब करायची हा भिशीचा पहिला नियम असू द्या. आणि बाटली घेऊन धरणाच्या काठावर नाहीतर मिसळीच्या हॉटेलात बसायची कल्पना कोणी मांडली तर तिथल्या तिथे मोडून काढा. घर किंवा परवाना असलेली जागा, तिसरा पर्याय नाही.

बाटल्या आणायला जाणं

पहिल्यांदा दुकानात जाण्याऐवजी वायनरीत जा. गंगापूर रोडने शहराबाहेर पडलं की सावरगाव-गंगाव्हरेच्या पट्ट्यात सुला, सोमा आणि यॉर्क एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दिंडोरीकडे शाँडोन, इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झम्पा आणि व्हॅलोने, निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, चाखवणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला सवड नसते. मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमाराला फोन करून गेलात तर तोच माणूस तासभर समजावून सांगतो.

तिथे काय विचारायचं? द्राक्षापासून सुरुवात करा. नाशिकच्या द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ येतं ते गोडी छाटणीनंतर, आणि वाइनच्या द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. म्हणजे द्राक्ष पिकतं ते ऐन थंडीत. दरवर्षी निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात ना, त्याच थंड रात्रींमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. हा आंबटपणा आपल्या कामाचा आहे, कारण तळणीचं तेल आणि रश्शावरची तर्री जिभेवरून धुऊन काढतो तो हाच.

काढणीच्या दिवसांत गेलात तर परवानगी घेऊन वाइनचं एक द्राक्ष तोंडात टाकून बघा. आपण खातो ते थॉमसन मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं लहान, जाड सालीचं, बीवालं आणि गोडीला चक्क जास्त. साल चावली की तोंड ओढलं जातं. रेड वाइनमधला तुरटपणा या सालीतून आणि बियांमधूनच येतो. व्हाइट वाइन करताना रस सालीपासून लवकर वेगळा करतात, म्हणून तिच्यात तो जवळजवळ नसतो. हा एवढा फरक जिभेला कळला की पुढची अर्धी जुळवाजुळव आपोआप जमते.

इतिहासाचं दोन ओळींत सांगायचं तर सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाजवळच्या जमिनीत सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि बघता बघता द्राक्ष उत्पादकांची मुलं वाइनचं शिक्षण घ्यायला बाहेर पडली. पाहुण्यांना एवढं पुरे. व्याख्यान देऊ नका.

पहिल्या भिशीसाठी चार बाटल्या घ्या: एक ब्रूट स्पार्कलिंग (बुडबुड्यांची, गोडी जवळजवळ नसलेली), एक सॉव्हिन्यॉन ब्लाँ, एक शेनिन ब्लाँ, आणि रेडमधली एक शिराझ. शेवटी गोडाबरोबर लेट हार्वेस्टची छोटी बाटली मिळाली तर उत्तम. वेलीवर जास्त दिवस ठेवलेल्या द्राक्षाची ही गोड वाइन बहुधा ३७५ मिलीत येते आणि आठ जणांना घोट-घोट पुरते. ती उघडणार असाल तर आधीच्या बाटल्यांत हात थोडा आखडता ठेवा.

लेबलावर वर्ष बघा. ते द्राक्ष काढणीचं वर्ष असतं. आपल्याकडच्या साध्या व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात, तेव्हा तीन-चार वर्षं जुनी बाटली स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका. दुकानातून घेत असाल तर काचेच्या कपाटात उन्हाच्या तिरिपेत उभी असलेली बाटली सोडून आतली मागा. आणि विकत घेतल्यावर गाडीच्या डिकीत ठेवून बाकीची कामं करत फिरू नका. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या उन्हात डिकीतली वाइन एका दुपारी शिजते.

जेवणाचा क्रम

आता मुख्य काम. आधी पदार्थ लिहून काढा, मग प्रत्येकासमोर बाटली. सोयीला पाच बाजू ध्यानात ठेवा: तेल, हिरवं, तिखट, धूर, गोड.

तेलकट आणि कुरकुरीत सगळं सुरुवातीला, स्पार्कलिंगबरोबर. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, बटाट्याची भजी, किंवा अस्सल नाशिकचं काही हवं तर पाववडा. पावाच्या आत भाजी भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळलेला, त्याचे चार तुकडे करून. तळणीवर बुडबुड्यांची थंडगार आंबटसर वाइन म्हणजे पहिल्याच घोटाला पाहुणे गप्प होतात. वडीत लसूण-मिरची नेहमीसारखी घाला. फक्त सोबतची हिरवी चटणी आत्ता आणू नका.

मग सॉव्हिन्यॉन ब्लाँ. हिच्या वासात ढोबळी मिरची, पेरू, गवती चहा, कापलेलं गवत असं हिरवं हिरवं काहीतरी असतं. म्हणून हिच्याबरोबर हिरवंच द्या: मेथीचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, काकडीची खमंग कोशिंबीर, हिवाळ्यात ओल्या हरभऱ्याची उसळ. कोशिंबिरीत दाण्याचं कूट चालेल, लिंबू मात्र बेतानं. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. मासे खाणारं घर असेल तर साधे, हळद-मीठ-लसूण लावून रव्यात तळलेले मासे हिच्यासाठीच आहेत.

तिसरी मिसळ. इथे जरा थांबू, कारण नाशिकची भिशी मिसळीवाचून होत नाही आणि सगळे चुकीच्या बाटल्या इथेच उघडतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लाल तर्री, मोडाची मटकी, फरसाण, पापड, दही. तिखट खाल्ल्यावर जास्त अल्कोहोलची किंवा तुरट रेड वाइन प्यायलात तर आग दुप्पट होते. तिखटाची जळजळ तुरटपणाने वाढते, अल्कोहोलने वाढते. थंडाव्याने आणि किंचित गोडीने शमते. म्हणजे मिसळीला हवी थंड, फळांच्या वासाची, अंगात थोडी गोडी असलेली वाइन. शेनिन ब्लाँ इथे बसते. नाशिकच्या अनेक शेनिनमध्ये पेरू-अननसाचा वास असतो आणि जिभेवर पुसटशी गोडी राहते. झिनफांडेल रोझे हाही चांगला पर्याय आहे.

वाढायची पद्धत मात्र बदला. नेहमीसारखी सगळी एकत्र कालवून देऊ नका. छोट्या वाटीत मटकी, त्यावर फरसाण चिमूटभर, दही एक चमचा. रस्सा वेगळ्या वाटीत, ज्याला जेवढा झेपेल तेवढा तो घालून घेईल. आधी एक घास, मग पावाचा कोरडा तुकडा, मग वाइनचा घोट. पाव मध्ये आला की तर्रीचं तेल जिभेवरून उतरतं आणि वाइनचा वास कळतो. कच्चा कांदा या वेळी बाजूला ठेवा. कांदा-लिंबू नसलेली मिसळ म्हणजे पाप, हे मलाही मान्य आहे, पण कच्च्या कांद्यानंतर पुढच्या दोन वाइन्सचा वासच लागत नाही. फारच जीव तुटत असेल तर कांदा मिनिटभर थंड पाण्यात ठेवून, पिळून द्या.

खान्देशातल्या माणसांची भिशी असेल तर मिसळीच्या जागी शेवभाजी येणार, तिलाही हाच न्याय.

चौथा टप्पा धुराचा. शिराझमध्ये मिरीचा, जांभूळ-करवंदांचा आणि थोडासा धुरकट वास असतो. तिच्यासमोर चुलीवर किंवा गॅसच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत ठेवा, कळण्याच्या किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर. मांसाहारी असाल तर सुकं मटण. रस्सा नको, सुकं. मसाला भाजून काळा केलेला, खोबऱ्याचा, तिखट मध्यम. मटणातली चरबी आणि मीठ शिराझचा तुरटपणा मऊ करतात. भरीत करताना मिरच्या वांग्याबरोबर भाजून घ्या आणि ठेचून घाला, वरून कच्चा ठेचा देऊ नका. ठेचा हा वाइनचा जन्मजात वैरी आहे. तो जेवणाच्या शेवटी, सगळ्या बाटल्या संपल्यावर, उरलेल्या भाकरीबरोबर बाहेर काढावा, आणि तो हमखास निघतोच.

कॅबर्ने सॉव्हिन्यॉन ही दुसरी रेड मी पहिल्या भिशीत ठेवत नाही. चांगली असते, पण तिचा तुरटपणा आपल्या मसाल्यांशी भांडतो. साध्या भाजलेल्या मटणाचा बेत असेल त्या दिवशी तिला बोलवा.

गोड शेवटी. एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि बोडकी लागते. म्हणून जिलेबी, गुलाबजाम बाद. पुरणपोळी चालते, कारण पुरणाची गोडी पोळीत मुरलेली असते आणि साजूक तुपाला लेट हार्वेस्टचा मधासारखा वास शोभतो. पोळीचा चतकोर पुरे. आमरसाच्या वाटेला जाऊ नका, हापूससमोर कोणाचंच काही चालत नाही.

चिवड्याचं काय? नाशिकचा चिवडा टेबलावर हवाच असं पाहुण्यांना वाटतं. येऊ द्या, पण पाहुणे जमेपर्यंतच्या वेळात, चहाबरोबर. बाटल्या उघडल्यावर हाताशी ठेवायचं तर खारे शेंगदाणे, भाजलेला मुगाचा पापड आणि पावाचे तुकडे एवढंच.

वास, ग्लास, थंडावा

संध्याकाळी दिवेलागणीला उदबत्ती लावायची सवय असेल तर ती त्या दिवशी देवघरापुरती, दार ओढून. पाहुण्यांना आधीच सांगा की अत्तर-परफ्युम नको. मोगऱ्याचा गजरा माळून कोणी आलं तर त्या टोकाच्या चार जणांना रात्रभर प्रत्येक वाइनमध्ये मोगराच सापडतो.

ग्लास दांडीचे असावेत, एवढाच आग्रह. दांडी धरली की हाताची ऊब वाइनला लागत नाही. माणशी दोन ग्लास पुरतात, मध्ये पाण्याने विसळायचे. सुगंधी साबणाने धुतलेले ग्लास पुन्हा गरम पाण्यातून काढून सुती फडक्याने पुसा. ओतायच्या आधी रिकाम्या ग्लासाचाच वास घेऊन बघा, कपाटाचा किंवा डांबरगोळीचा वास येत असेल तर तिथेच कळेल.

थंडाव्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी असं ऐकलेलं असतं, पण तो नियम थंड देशांतल्या घरांचा. रेडला साधारण १६ ते १८ अंश हवेत आणि आपल्या घरात मार्चपासून पुढे तीस अंश असतात. गरम रेड नुसती झोंबते. तेव्हा शिराझ फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंश, म्हणजे फ्रिजमध्ये तीन-चार तास आणि बाहेर काढल्यावर पाचेक मिनिटं. स्पार्कलिंग त्याहून गार, ६ ते ८. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्यात बाटली कितीतरी लवकर गार होते. ग्लासात बर्फाचा खडा टाकायचा मोह आवरा.

बऱ्याच भारतीय बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. त्यात कमीपणा काही नाही, ताज्या वाइनला ते उलट चांगलं. सांभाळायचं ते स्पार्कलिंगचं बूच. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. बाटली पूर्ण गार असू द्या, हलवू नका. वरचा कागद काढा, एक अंगठा बुचावर दाबून ठेवूनच तारेची जाळी सैल करा. मग बुचावर रुमाल धरा, बाटली माणसांपासून दूर तिरकी करा, आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवा. बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. ते हळूहळू वर सरकतं आणि हलका फुस्स आवाज येतो. फटाका वाजला म्हणजे निम्मे बुडबुडे हवेत गेले, आणि छताला डाग पडला तो वेगळा.

बसल्यावर

आठवणीची गोष्ट इथे येते. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा की एक जेवण आठवून या. लग्नातलं, आजोळचं, प्रवासातलं, कुठलंही. पदार्थ आणणाऱ्याने तो पदार्थ पहिल्यांदा कुठे खाल्ला ते सांगायचं, बाटली आणणाऱ्याने ती का निवडली ते. दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. सटाण्याकडच्या माणसाने भरीत आणलं की शेतातल्या वांग्यांच्या पार्टीची गोष्ट निघते, येवल्याचा असला की आजीच्या हातचे मांडे निघतात, आणि वाइनची चर्चा आपोआप मागे पडते. पडू द्या.

वाइनबद्दल बोलताना पुस्तकी फळं शोधायची गरज नाही. ब्लॅककरंट आपण किती जणांनी खाल्लंय? जांभूळ, करवंद, पेरू, कैरी, आवळा, आमसूल, गूळ, मिरी, ओली माती, भाजलेलं जिरं यातलं जे आठवेल ते म्हणा. कोणाला काहीच सापडलं नाही तर ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ एवढंही पुरतं. ‘छे, यात पेरू कुठला’ असं म्हणून दुसऱ्याची चव खोडून काढणाऱ्याला मात्र यजमानाने वेळीच आवरावं. नवख्या माणसाचं तोंड एकदा बंद झालं की रात्रभर उघडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भिशीपासून झाकल्या बाटलीचा खेळ घ्या. एकाच जातीच्या दोन वायनरींच्या बाटल्या, समजा दोन शेनिन, पेपरात गुंडाळायच्या, वर एक-दोन आकडे लिहायचे आणि कोणती कशाबरोबर जास्त जमते ते हात वर करून ठरवायचं. (पेपरात गुंडाळलेली बाटली बघून आमच्याकडच्या ज्येष्ठांना वेगळ्याच आठवणी येतात.) महागडी बाटली हरली की टेबलावर जो आनंद पसरतो त्याला तोड नाही.

मधोमध एक रिकामं पातेलं ठेवा. आवडली नाही ती वाइन त्यात ओतता यायला हवी, कोणाला वाईट न वाटता. माणशी पाण्याचा मोठा ग्लास, आणि तो रिकामा राहणार नाही ही जबाबदारी न पिणाऱ्यांपैकी एकाकडे. आग्रह करकरून वाढणं आपल्या रक्तात आहे. पुरणपोळीसाठी तो राखून ठेवा, ग्लासासाठी नको.

उरलेलं

उघडलेली व्हाइट आणि रेड, दोन्ही झाकण लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. दोन-तीन दिवस चांगल्या राहतात. स्पार्कलिंगचे बुडबुडे दुसऱ्या दिवशी गेलेले असतात, ती त्याच रात्री संपवा. आंबट पडलेली शिराझ फेकू नका, सुक्या मटणाला आलं-लसणाबरोबर तासभर लावून ठेवा. व्हाइट उरली तर कोंबडीला.

निघायच्या आधी दोन गोष्टी उरकून घ्या. प्रत्येक बाटलीचं नाव, वर्ष आणि कोणत्या पदार्थाबरोबर जमली ते एकाने वहीत उतरवावं. मोबाइलमधले लेबलांचे फोटो नंतर कोणी बघत नाही. आणि पुढचा यजमान, तारीख, मुख्य पदार्थ तिथेच ठरवावा. जानेवारीत असाल तर पुढचा बेत हुरड्याचा धरा: दाण्याची चटणी, गूळ, ताक, आणि थंड शेनिनच्या दोन बाटल्या. शेत कोणाचं ते आधी विचारून ठेवा, आणि बाटल्या नेण्याबद्दल शेतमालकाच्या घरच्यांनाही.